यंत्र आले, पण मास्तरांना कोणी शिकवले?

शिक्षणात तंत्रज्ञान आले की गाव-शहर, गरीब-श्रीमंत, जात-पात हा भेद मिटेल, असे गेली ४० वर्षे आपल्याला सांगितले जात आहे. दूरदर्शन आले तेव्हा हेच सांगितले. संगणक आला तेव्हाही हेच. मग प्रोजेक्टर, टॅब, क्यूआर कोड, ॲप. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने तेच भाषण पुन्हा सुरू झाले आहे. प्रत्येक वेळी यंत्र आले, फीत कापली गेली, फोटो निघाले. पण एक प्रश्न कोणी विचारला नाही. हे यंत्र ज्यांनी वर्गात वापरायचे त्या मास्तरांना ते कोणी, किती दिवस आणि कशासाठी शिकवले?

मी औसा तालुक्यातला. काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या निबंध स्पर्धेचे पत्रक घेऊन तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला प्रोजेक्टर होता. पिशवीवर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली. मागच्या दसऱ्याला खंडेनवमीची पूजा झाली ती तशीच होती. म्हणजे वर्षातून एकदा पूजा आणि एकदा तपासणी, एवढेच त्या यंत्राचे काम. गुरुजी मोकळ्या मनाचे होते. म्हणाले, "लावायचं कसं ते सांगायला कंपनीचा माणूस आला होता, तासभर थांबला. कुठली वायर कुठं लावायची ते नंतर विसरूनच गेलो. अन् वेळ तरी कुठाय सर, सगळं ऑनलाईनच मागायलेत."

गुरुजींना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. 'झेडपीचे मास्तर कामचुकार' हे वाक्य कोणाच्या फायद्याचे आहे, ते गावोगाव फिरणाऱ्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसकडे पाहिले की कळते. पण त्या प्रोजेक्टरवरची हळद एका मास्तरच्या आळसातून आलेली नाही. तिच्यामागे इतिहास आहे आणि तो आपण नीट वाचला पाहिजे, कारण त्या शाळेत बसणारी बहुतेक पोरे आपली आहेत.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. त्यातली एक मागणी आपण प्रत्येक भाषणात सांगतो, की १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. ती सांगायलाच हवी. पण त्याच निवेदनात जोतीरावांनी शिक्षकांविषयी जे मांडले ते आपण फारसे वाचत नाही. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, त्यातले बरेच अप्रशिक्षित आहेत, पगार तुटपुंजा आहे आणि ज्या रयतेच्या मुलांना शिकवायचे तिच्यात ते मिसळत नाहीत, असे त्यांनी सरकारला स्पष्ट सांगितले. उपायही दिला. शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, नांगराला हात लावायची ज्यांना लाज वाटणार नाही असे. त्यांना प्रशिक्षण द्या आणि पगार वाढवा. म्हणजे शाळा काढा एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. शाळेत उभा राहणारा माणूस कोण, तो शिकलेला आहे का, त्याला पोटभर पगार आहे का, हे तीन प्रश्न त्यांनी शाळेच्या इतकेच महत्त्वाचे मानले.

त्यांनी अभ्यासक्रमही सुचवला. त्यात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य असे विषय होते. यातल्या मोडीवर जरा थांबू. पुस्तके बालबोधीत छापली जात. पण सावकाराचे खत, कुलकर्ण्याची वही, गावचे दप्तर मोडीत. ज्याला मोडी येत नाही तो कागदावर काय लिहिले आहे ते न कळता अंगठा उठवी. अडाणी शेतकरी कागदपत्रांच्या जाळ्यात कसा लुबाडला जातो हे जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये उघडे केले आहे. म्हणून रयतेच्या पोराने मोडी शिकावी हा त्यांचा आग्रह विद्वत्तेसाठी नव्हता. सत्ता ज्या लिपीत लिहिते ती लिपी आपल्याला वाचता आली पाहिजे, हा त्याचा अर्थ.

आजची मोडी म्हणजे पोर्टल. सातबारा ऑनलाईन, जातीचा दाखला ऑनलाईन, महाडीबीटीवर भारत सरकार शिष्यवृत्ती ऑनलाईन. ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. आज तिच्यासाठी आपली पोरे नेट कॅफेच्या दारात रात्री अकरापर्यंत बसतात. शाळेच्या पातळीवर बघा. पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावीच्या अनुसूचित जातीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, महिना ६० आणि १०० रुपये. (रक्कम चेष्टा वाटावी अशी आहे, पण तो वेगळा लेख होईल.) तिचा अर्ज मुलगी किंवा तिची आई भरत नाही, शाळा भरते. आता मुख्याध्यापकांना आधार आणि बँक खाते जुळले की नाही ते तपासता आले नाही, फाईल 'त्रुटी' म्हणून परत आलेली दिसली नाही, तर नुकसान कोणाचे? मास्तरांच्या अंगठेबहाद्दरीची किंमत मुलगी मोजते. मास्तरांची डिजिटल साक्षरता हा आपल्या हक्काचा प्रश्न आहे तो असा.

जोतीराव बोलत होते मुंबई इलाख्यात. आमचे औसा त्यात नव्हते. निजामाच्या राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात ते होते आणि इथला कारभार उर्दूत चाले. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मान्य करायला हवे. पण औशाच्या मराठी पोराला ती भाषाही परकीच. त्यात पोर महार-मांगाचे असेल तर शाळेचा उंबरठाच परका. म्हणजे आमच्या भागातला अस्पृश्य मुलगा एकाच वेळी दोन भिंतींच्या बाहेर उभा होता, एक जातीची आणि दुसरी दप्तराच्या भाषेची.

त्याच काळात पलीकडे मुंबईच्या कायदेमंडळात १२ मार्च १९२७ ला बाबासाहेब शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. महाडच्या चवदार तळ्याच्या आठ दिवस आधी. सरकार माणशी अवघे १४ आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या महसुलातून माणशी दोन रुपयांवर वसूल करते, हा हिशेब त्यांनी मांडला. शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत १८ च पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हेही सांगितले. बाबासाहेबांची पद्धत बघा. किती शाळा उघडल्या हे त्यांनी मोजले नाही. शाळेत गेलेल्या पोराच्या हाती शेवटी काय लागले, ते मोजले. आजच्या 'डिजिटल शाळा' आपण याच मापाने मोजायला हव्यात.

मराठवाड्यात ते स्वतः आले आणि १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज औरंगाबादला सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. वसतिगृहे, ग्रंथालय, चांगले प्राध्यापक यांवर त्यांचा कटाक्ष होता. मिलिंदने आपल्याला काय दिले? साहित्यिक दिले, कार्यकर्ते दिले, अधिकारी दिले हे खरेच. पण सगळ्यात मोठी देणगी म्हणजे मास्तर. खेड्यापाड्यातून आलेली पोरे तिथे शिकली आणि मास्तर होऊन खेड्यापाड्यात परतली. आपल्या घरातला माणूस फळ्यासमोर उभा आहे हे आपल्या पोरांनी पहिल्यांदा पाहिले. जोतीरावांनी १८८२ साली जे मागितले ते मराठवाड्यात असे ६८ वर्षांनी घडू लागले.

यंत्रांचा इतिहास यानंतरचा. तो थोडक्यात उरकतो, पण एक प्रसंग सोडवत नाही. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम तयार करून दूरदर्शनवर दाखवणारी सरकारी संस्था. माझ्या आधीच्या पिढीला तिचे सकाळचे कार्यक्रम आठवतात. कार्यक्रम चांगले होते. पण वर्गात टीव्ही दाखवण्याआधी काय बोलायचे, नंतर कोणते प्रश्न विचारायचे, वीज गेली तर धडा कसा पुढे न्यायचा, हे गावच्या शिक्षकाला शिकवणारी तेवढीच मोठी यंत्रणा उभी राहिली नाही. पुढे निधी आटला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये सरकारने संस्थाच बंद केली. तीनच वर्षांनी कोरोना आला. शाळा बंद झाल्या, घरात इंटरनेट नाही, आता टीव्हीवरून शिकवू, असे ठरले. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, ती एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने केलेली. म्हणजे ३३ वर्षे जपलेली स्वतःची संस्था मोडायची आणि गरज पडली की दुसऱ्याच्या दारात जायचे. याला काय म्हणावे?

संगणकाचेही तेच. १९८४-८५ मध्ये केंद्राने 'क्लास' नावाचा प्रकल्प आणला, निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक गेले. आपल्या शाळांपर्यंत तो आलाच नाही. २००४ च्या शेवटी केंद्राची 'आयसीटी ॲट स्कूल' योजना आली आणि महाराष्ट्राने ती टप्प्याटप्प्याने हजारो शाळांत राबवली. कशी राबवली, ते महत्त्वाचे आहे. बांधा, वापरा, हस्तांतरित करा हे टोलनाक्याचे तत्त्व संगणक खोलीला लावले. कंपनीने खोली उभारायची, पाच वर्षे चालवायची, संगणक शिक्षकही कंपनीनेच नेमायचा. तो शिक्षक म्हणजे आपल्यातलाच पदवी-पदविका झालेला तरुण, तुटपुंज्या मानधनावर. पाच वर्षे संपली, करार संपला, तरुण घरी गेला. त्या संगणक शिक्षकांनी आझाद मैदानात आंदोलने केली. मुलांना संगणक शिकवता येणारा एकमेव माणूस शाळेने गमावला. आणि नेहमीच्या शिक्षकांना त्या पाच वर्षांत शिकवले गेले नव्हते, कारण 'ते कंपनीचे काम' होते. राहिल्या त्या धूळ खात पडलेल्या मशिनी.

मग नेहमीचे शिक्षक काय करत होते? ते एमएस-सीआयटी करत होते. सरकारी कर्मचाऱ्यांना, त्यात शिक्षकही आले, ३१ डिसेंबर २००७ ही मुदत होती. परीक्षा पास नाही तर वेतनवाढ नाही. मुदत चुकलेल्यांकडून नंतर वसुली निघाली, त्यावर कोर्टकज्जे झाले. शिक्षकांनी खिशातून फी भरली, खाजगी सेंटरवर जाऊन अर्ज टाईप करायला, तक्ता काढायला शिकले, प्रमाणपत्र सेवापुस्तकात चिकटवले. या अभ्यासक्रमाने लाखो सामान्य मुलांना माऊस धरायला शिकवले, ते नाकारत नाही. पण शिक्षकासाठी तो नव्हता. चौथीच्या वर्गाला भूगोल शिकवताना नकाशा पडद्यावर कसा आणायचा, दोन इयत्ता एकाच खोलीत बसल्या असतील तर एका मोबाईलवर काय करायचे, इंटरनेटवर सापडलेली माहिती खरी की खोटी हे मुलांना कसे तपासायला लावायचे, यातले काही त्यात नव्हते. कारकुनासाठीचा अभ्यासक्रम मास्तरला लावला आणि शिक्षेच्या धाकाने लावला.

किल्लारी आमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावे नव्याने वसली, शाळांच्या इमारती नव्याने उभ्या राहिल्या. इमारतीचे टेंडर निघते, संगणकाचे टेंडर निघते. मास्तर घडवण्याचे टेंडर निघत नाही, म्हणून ते काम कोणाच्याच अजेंड्यावर येत नाही. लातूरचेच दुसरे उदाहरण घ्या. ज्या 'लातूर पॅटर्न'ची एवढी ख्याती झाली, तो कोणत्या यंत्रावर उभा होता? राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजच्या प्राध्यापकांनी जादा तास घेतले, पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या, प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या. खडू, फळा आणि तयारीचा शिक्षक. नंतर त्याचे शिकवणी बाजारात रूपांतर झाले आणि फी परवडणाऱ्यांचा तो पॅटर्न झाला. पण मुळात तो मास्तरांच्या घामाचा होता.

२०१५ पासून चित्र थोडे वेगळे झाले, आणि ते मास्तरांनीच वेगळे केले. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी डिजिटल वर्ग उभा केला. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. दोघेही जिल्हा परिषदेचे मास्तर. एकमेकांच्या शाळा बघायला शिक्षक स्वखर्चाने गेले, व्हॉट्सॲपवर एकमेकांना शिकवू लागले. कोणत्याही टेंडरने जे केले नव्हते ते शिक्षकाने शिक्षकाला शिकवून केले.

पण सरकारने यातून काय उचलले? २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' निर्णयानंतर शाळा डिजिटल करण्याची लाट आली आणि पैशाचा मार्ग ठरला लोकवर्गणी. गावाने पैसे जमवायचे, शाळेने प्रोजेक्टर घ्यायचा. वर्ष आठवा. २०१५-१६, मराठवाड्यातला भीषण दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या वर्षी औशाच्या शेतमजुराला शाळेसाठी वर्गणी मागायची? ज्या गावात बागायतदार आहे, साखर कारखान्याचा संचालक आहे, तिथली शाळा चकचकीत होणार. ज्या वाडी-तांड्यावर निम्मे घर ऊसतोडीला गेले आहे, तिथली तशीच राहणार. शिक्षण हा घटनेने दिलेला हक्क आहे, तो गावाच्या ऐपतीवर सोडणे म्हणजे हक्काला देणगीचे रूप देणे. देणगी आली की देणगीदाराच्या नावाची पाटी आली. पाटीवर कोणाची आडनावे असतात, तुम्हीच आपापल्या गावात बघून या. वर वीजबिलाची सोय नाही. बिल थकले म्हणून जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

दुसरा मार्ग नव्हता असे कोणी म्हणेल तर केरळकडे बोट दाखवा. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' सुरू झाला. त्यांनी नेहमीच्याच शिक्षकांतून प्रशिक्षक तयार केले, प्रत्येक शाळेत त्या कामाची जबाबदारी एका शिक्षकाकडे दिली, फुकट वापरता येणारे मुक्त सॉफ्टवेअर घेतले, त्याचे मल्याळमीकरण केले. आधी माणूस, मग मशीन. २०१८ मध्ये त्यांनी ४५ हजार वर्ग हायटेक केले तेव्हा ती यंत्रे वापरणारे शिक्षक १५ वर्षे तयार होत आले होते. 'लिटल काइट्स' नावाने मुलांचेच गट यंत्रांची देखभाल शिकतात. केरळ श्रीमंत आहे म्हणून हे झाले नाही. औद्योगिकदृष्ट्या महाराष्ट्र त्याच्या पुढे आहे.

आपल्याकडे मास्तरांच्या हातात मोबाईल आला तो शिकवण्यासाठी आला का? 'सरल'वर मुलांची माहिती भरा, यू-डायस भरा, पोषण आहारात आज किती जेवले ते रोज ॲपवर कळवा, आधार जुळवा, फोटो टाका, लिंक भरा, 'आजच्या आज' भरा. दोनशिक्षकी शाळेत एक मास्तर लिंक भरत बसला की चार इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम म्हणते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येणार नाही. पण ऑनलाईन माहिती भरणे हे 'काम' म्हणून मोजलेच जात नाही. जोतीरावांच्या काळी मास्तर रयतेत मिसळत नव्हता, कारण जात आडवी येत होती. आज आपल्यातला मास्तर पोरांत मिसळू शकत नाही, कारण मान वर करायला त्याला सवड नाही. दुसरीकडे डी.एड. झालेली आपली हजारो पोरे वर्षानुवर्षे 'पवित्र' पोर्टलकडे डोळे लावून वय घालवून बसली.

कोरोनाने या सगळ्याचे बिल एकदम हातात दिले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी १४.९ टक्के घरांत इंटरनेट आणि ४.४ टक्के घरांत संगणक होता. २०२० च्या 'असर' पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, पण पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्यास पोहोचला तो साधारण तिघांपैकी एकालाच. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. फोन घरात होता, तरी धडा पोहोचला नाही. अडचण फक्त यंत्राची असती तर निदान साठ टक्के मुले शिकली असती. दूरवरून कसे शिकवायचे हे शिक्षकाला कोणी कधी शिकवलेच नव्हते, म्हणून पीडीएफ 'फॉरवर्ड' झाली आणि घरच्या घरी विरली. ज्या मास्तरांना मुलांची खरी कळकळ होती त्यांनी आपापले मार्ग काढले. सोलापूरच्या नीलमनगरात, कामगार वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. तेच खरे शैक्षणिक तंत्रज्ञान होते, त्याला चार्जिंग लागत नव्हते.

आता आपल्याकडे वळतो. विद्यापीठाच्या नावासाठी आपण १६ वर्षे लढलो. नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे, नांदेडचे गौतम वाघमारे यांच्यासारख्यांनी त्यासाठी जीव दिला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या लढ्याबद्दल मनात तसूभर शंका नाही. पण गावच्या शाळेत फळ्यासमोर काय चालते यासाठी आपण किती वेळा गेलो? जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे शोधायला जेवढी धावपळ करतो तेवढी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीसाठी करतो का? कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. शाळेचा विकास आराखडा ती समिती करते. शिक्षकांना कोणते प्रशिक्षण हवे, किती दिवस हवे, हे त्या आराखड्यात लिहून घेता येते. प्रोजेक्टर कधी आला, कोणत्या निधीतून आला, कितीदा वापरला, प्रशिक्षणाला कोण गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. मात्र विचारायचे ते मास्तरांना अडचणीत आणण्यासाठी नाही. पंचायत समितीला आणि मुरूडच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला जाब विचारण्यासाठी.

आणि डिजिटल साक्षरता म्हणजे बटन दाबणे नव्हे, हे आपल्यालाही शिकायचे आहे. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये छापून आपणच पुढे पाठवतो. ज्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड राज्य सरकारने १९७९ पासून छापले, जे आज परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात, त्यांच्या नावावर खोटी वाक्ये फिरावीत? वर सांगितलेले १९२७ चे भाषण दुसऱ्या खंडात आहे, मोबाईलवर पाच मिनिटांत सापडते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. वर्गात इंटरनेट शिकवताना शिक्षकाने हेच शिकवायचे असते. कोण म्हणतो, कधी म्हणाला, कुठे छापले आहे?

आम्ही चौघांनी गेल्या पावसाळ्यात छोटा प्रयत्न केला. दोघे लातूरला इंजिनिअरिंग शिकलेले, एक डी.एड. होऊन घरी बसलेला आणि मी. रविवारी दोन तास, ज्यांना हवे त्या शिक्षकांसोबत बसायचे. वरचा हुकूम नाही, प्रमाणपत्र नाही. पहिल्या रविवारी विहारात ठेवले, तर दोघेच आले, दोघेही आपलेच. पुढच्या वेळी एका शाळेत ठेवले, तर सात आले. याचा अर्थ ज्याने त्याने काढावा. सातांपैकी पाच जणांना मोबाईलवर मराठी टाईप करता येत नव्हते, ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. एका मॅडमची २४ वर्षे नोकरी झाली होती. म्हणाल्या, "दादा, मला ते पीपीटी-बीपीटी नको. शिष्यवृत्तीची फाईल परत आली की ती कुठं दिसती ते आधी दाखवा." त्यांच्या शाळेतल्या चार मुलींच्या फाईली परत आलेल्या होत्या, दोन महिन्यांपासून. तिथेच बसून चारही दुरुस्त केल्या. त्यातल्या एकीच्या खात्याचे आधार जुळत नव्हते, त्यासाठी सोमवारी तिच्या आईला बँकेत जावे लागले, एक दिवसाची मजुरी बुडवून.

तिसऱ्या रविवारी प्रोजेक्टर उघडायचा ठरला होता. शनिवारी रात्री मॅडमचा फोन आला. मतदार यादीचे काम लागले आहे, बीएलओ म्हणून घरोघर फिरायचे आहे, चौघांना तरी येता येणार नाही. आम्ही तिघा शिक्षकांना घेऊन बसलो. प्लास्टिकची पिशवी काढली, वायर जोडली. वीज होती. पडद्याऐवजी भिंतीवरच तालुक्याचा नकाशा टाकला आणि एका गुरुजींनी त्यावर आपली शाळा शोधायला घेतली.